आठशेतलं सुवर्ण की पंधराशेतलं कांस्य?

शालेय स्पर्धांचा हंगाम उतरणीला लागला की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांचा विषय एकच असतो. दोन वेगवेगळ्या अंतरांच्या वेळा हातात आहेत, त्यातली चांगली कोणती? या खेपेला सहा पत्रं घेतली आहेत. वेळ २:२१.४ अशी लिहिली असेल तर ती २ मिनिटं २१.४ सेकंद अशी वाचावी. लॅप म्हणजे ट्रॅकची चारशे मीटरची एक फेरी.

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी १६ वर्षांची आहे. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत ती आठशे मीटरमध्ये २:२१.४ वेळेत पहिली आली. पंधराशेमध्ये ४:४७.० वेळ दिली, पण तिसरी आली. शाळेतले सर म्हणतात, सुवर्ण आलंय तर आता आठशेच धरा, पंधराशे सोडा. तिला स्वतःला पंधराशे आवडते. खरी चांगली कामगिरी कोणती? सरांनी टिपलेल्या लॅपच्या वेळा सोबत पाठवतो. चारशे मीटर ती आमच्या मैदानावर ६५.८ सेकंदांत धावली आहे. *(एक पालक, फलटण तालुका)*

उत्तर : दादा, पंधराशेची कामगिरी सरस आहे, आणि बऱ्याच फरकाने सरस आहे.

आधी पदकाचं बोलू. पदकाचा रंग त्या दिवशी शेजारच्या लेनमध्ये कोण उभं होतं यावर ठरतो. तुमच्या जिल्ह्यात पंधराशेला दोन तयारीच्या मुली होत्या, आठशेला नव्हत्या. पदकावरून एवढंच कळतं. विभागस्तरावर गेल्यावर समोरच्या मुली बदलतील आणि हा हिशेब पुन्हा नव्याने मांडावा लागेल.

वेळांची तुलना करायला जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे गुणतक्ते आहेत. हंगेरीच्या बोझिदार स्पिरिएव्ह यांनी ते तयार केले, म्हणून जुने प्रशिक्षक अजूनही त्यांना हंगेरियन टेबल्स म्हणतात. प्रत्येक प्रकारातल्या प्रत्येक वेळेला गुण दिलेले असतात. मुलामुलींचे तक्ते वेगळे असतात. त्यात तुमच्या मुलीच्या २:२१.४ ला सुमारे ८१० गुण पडतात आणि ४:४७.० ला सुमारे ८५५. म्हणजे पंधराशेच्या तोडीची आठशे धावायची असती तर तिला साधारण २:१८ वेळ द्यावी लागली असती.

तक्ता हाताशी नसेल तर मैदानावर चालणारा एक ढोबळ हिशेब आहे. आठशेची वेळ दुप्पट करा आणि तीत थोडे सेकंद मिळवा. किती मिळवायचे, हे वेगावर ठरतं. १:४५ धावणाऱ्या पुरुषाला दुपटीवर ५ सेकंद, म्हणजे ३:३५. मुलगा २:०० धावत असेल तर ८, म्हणजे ४:०८. २:२० च्या आसपासच्या मुलीला सुमारे ११ सेकंद. तुमच्या मुलीची दुप्पट ४:४२.८ होते, त्यात ११ मिळवले की ४:५३.८. ती धावली ४:४७. जवळजवळ ७ सेकंदांनी पुढे.

इथे काही पालक विचारतात, आठशेत दीड सेकंद कमी करणं सोपं की पंधराशेत तीन? या तक्त्यांप्रमाणे आठशेतला १ सेकंद पंधराशेतल्या सव्वादोन सेकंदांच्या तोडीचा असतो. प्रगती मोजताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ गोंधळ टळतो. आठशेत एका सेकंदाने सुधारलेली मुलगी आणि पंधराशेत दोन सेकंदांनी सुधारलेली मुलगी जवळपास सारख्याच पुढे सरकलेल्या असतात.

आता लॅपच्या वेळा. तुमच्या सरांनी त्या टिपून ठेवल्या, याचं मला फार मोल वाटतं, कारण खरी गोष्ट त्यातच आहे. आठशेचा पहिला लॅप ६६.० आणि दुसरा ७५.४. तिची चारशेची सर्वोत्तम वेळ ६५.८ आहे! म्हणजे पोरगी आठशेच्या पहिल्याच लॅपमध्ये आपली अख्खी चारशे संपवून बसली आणि उरलेला लॅप निव्वळ जिद्दीवर ओढला. दोन लॅपमध्ये ९.४ सेकंदांची तफावत. लंडनला २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये डेव्हिड रुडिशाने १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा त्याचा पहिला लॅप ४९.२८ आणि दुसरा ५१.६३ होता. जगातला सर्वांत धाडसी आठशेवालाही सव्वादोन-अडीच सेकंदांपलीकडे घसरला नाही. तुमच्या मुलीने पहिला लॅप ६९ मध्ये शांतपणे काढला, तर दुसरा ७० मध्ये येऊ शकतो, आणि २:१९ ची वेळ तिच्या पायात आजही आहे असं मला वाटतं. त्यामुळे २:२१.४ हे तिच्या आठशेचं मोजमाप मानू नका. ते एका चुकीच्या पेसने धावलेल्या शर्यतीचं मोजमाप आहे.

पंधराशे पाहा. पहिला लॅप १:१५, दुसरा १:१८, तिसरा १:१९ आणि शेवटचे ३०० मीटर ५५.० सेकंदांत. हे ५५ मी दोनदा वाचले. लॅपच्या हिशेबात ती गती ७३ सेकंदांची होते, म्हणजे बाराशे मीटर धावून झाल्यावर ती सगळ्यांत जोरात धावली. मधले दोन लॅप तिने पुढच्या दोघींकडे बघत जपून काढले असावेत. ते दोन लॅप १:१७ मध्ये निघाले असते तर वेळ ४:४४ झाली असती.

तिसरी खूण चारशेची. ६५.८ ची दुप्पट २:११.६, आणि तिची आठशे त्यापेक्षा फक्त ९.८ सेकंदांनी जास्त. हा फरक धावपटूचा स्वभाव सांगतो. क्युबाचा अल्बर्तो हुआन्तोरेना १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये चारशे ४४.२६ आणि आठशे १:४३.५० धावला. दोन्हीत सुवर्ण. त्याचा फरक १५ सेकंदांचा : तो वेगाकडून आठशेत आलेला माणूस. सेबॅस्टियन को याची चारशेची सर्वोत्तम वेळ ४६.८७, आणि आठशे १९८१ मध्ये १:४१.७३. फरक जेमतेम ८. तो दमाच्या बाजूने आठशेत आला, आणि म्हणूनच पंधराशेची दोन ऑलिम्पिक सुवर्णंही जिंकू शकला. तुमची मुलगी उघडच दमाच्या बाजूची आहे. टक्केवारी काढली तर तिचा फरक को याच्यापेक्षाही कमी भरतो, पण त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नका, कारण तिने चारशे कधी पुऱ्या तयारीने, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घालून, स्पर्धेत धावलेली नसावी.

या बाजूचं टोकाचं उदाहरण केनियाची फेथ किपयेगॉन. तिची आठशे १:५७.६८ आणि पंधराशेचा विश्वविक्रम ३:४८.६८, जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत यूजीनला केलेला. आठशेची दुप्पट ३:५५.३६ होते आणि तिची पंधराशे त्याहूनही सहा-सात सेकंदांनी कमी! लहानपणी कुणी तिला आठशेतच अडकवून ठेवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार तुमच्या सरांनी जरूर करावा.

माझं मत स्पष्ट आहे. मुलीला पंधराशे धावू द्या. आठशे सोडू नका, ती वेगासाठी लागणारच आहे. वर्षातून दोनदा तीन हजारही धावायला लावा, कारण तिचा खरा पल्ला कदाचित तिकडे असेल. सोळाव्या वर्षी मुलाला एका अंतराच्या चौकटीत कोंडणं मला बिलकूल पटत नाही. विभागस्तरावर दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आलीच, तर पंधराशे. आणि ती तिला आवडते, हे तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलं आहे, पण निवडीत त्याचं वजन मोठं आहे.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, आयटीत काम करतो आणि संध्याकाळी ट्रॅकवर सराव करतो. आठशेची वेळ २:०६. मोबाइलवरच्या एका कॅल्क्युलेटरने सांगितलं की मी पंधराशे ४:०५ धावू शकतो. मी त्याच पेसने सुरुवात केली आणि शेवटच्या लॅपला पाय अक्षरशः थिजले. ४:२२ वेळ आली. माझा स्टॅमिना इतका कमी आहे का? *(पुणे)*

उत्तर : अजिबात नाही. तुझी ४:२२ तुझ्या २:०६ ला अगदी शोभणारी आहे. गुणतक्त्यात २:०६ च्या जोडीला ४:२१ पेक्षा किंचित जास्त वेळ येते. चूक त्या कॅल्क्युलेटरची आहे. म्हणजे सूत्राची नव्हे, ते भलत्या ठिकाणी वापरल्याची.

अशा बहुतेक कॅल्क्युलेटरांच्या मुळाशी पीट रीगल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ मध्ये मांडलेलं सूत्र असतं. नवं अंतर जुन्या अंतराच्या कितीपट आहे ते काढायचं, त्या आकड्याचा १.०६ वा घात घ्यायचा आणि जुन्या वेळेला त्याने गुणायचं. आठशेवरून पंधराशेला जाताना हा गुणक १.९५ च्या जवळ येतो. तुझे १२६ सेकंद गुणिले तेवढे, म्हणजे ४:०५. गणित बरोबर आहे. पण रीगलने स्वतःच हे सूत्र साधारण साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यतींसाठी सांगितलं होतं. दोन मिनिटांची आठशे त्या हद्दीच्या बाहेर पडते. पाच हजारावरून दहा हजार, दहा हजारावरून अर्धमॅरेथॉन, तिथे ते चांगलं काम देतं.

हेच सूत्र रुडिशाच्या १:४०.९१ ला लावून बघ. उत्तर येतं ३:१६.५. पंधराशेचा विश्वविक्रम हिचाम एल गेरूजने रोममध्ये १९९८ साली केलेला ३:२६.०० आहे आणि तो अजून कुणी मोडलेला नाही. साडेनऊ सेकंद म्हणजे त्या वेगाने जवळपास ७० मीटर. एल गेरूज शेवटच्या सरळ पट्टीत शिरत असताना त्या हिशेबातला धावपटू शर्यत संपवत आलेला असेल. असा माणूस जन्माला आलेला नाही.

कारण शरीरात आहे. पूर्ण ताकदीने धावलेल्या चारशेत श्वासातून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर निम्म्याहून थोडं कमी काम होतं, आठशेत सुमारे दोन तृतीयांश, आणि पंधराशेत चार पंचमांशाहून जास्त. उरलेलं काम ऑक्सिजनशिवाय मिळणाऱ्या उसन्या ऊर्जेवर चालतं, आणि तो साठा दोन-तीन मिनिटांतच आटत येतो. आठशेत तू तो साठा शेवटच्या सरळ पट्टीत संपवतोस, तेव्हा चालून जातं. त्याच वेगाच्या जवळपास पंधराशे सुरू केलीस तर तो हजार मीटरच्या खुणेलाच संपतो आणि पुढे पाचशे मीटर बाकी असतात. तुझे पाय थिजले ते इथे. दहा हजारावरून अर्धमॅरेथॉनला जाताना असा उंबरठा मध्ये येत नाही, म्हणून तिथे एकच घातांक पुरतो.

तर मग काय करायचं? पुढची पंधराशे ६९ ते ७० च्या लॅपने सुरू कर, दुसरा आणि तिसरा लॅप तसाच ठेव, आणि शेवटचे ३०० मीटर जे असेल ते दे. ४:२० च्या आत येशील. त्यानंतर कॅल्क्युलेटर वापरायचाच असेल तर पंधराशेवरून तीन हजाराचा अंदाज काढायला वापर, तो बराच जवळ येईल.

प्रश्न : ताई, मी आणि माझा भाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर असते. सराव चाचणीत तो ५:२२ आणि मी २:५८ धावले. अकॅडमीत आम्हाला गुण सारखेच पडले. तो म्हणतो, मी दुप्पट अंतर धावतो, म्हणून माझी कामगिरी मोठी. खरं काय? *(सांगली जिल्हा)*

उत्तर : खरं तुझ्या बाजूने आहे. त्याची १६०० मीटरची ५:२२ म्हणजे पंधराशेची बरोबर ५ मिनिटं. पुरुषांच्या तक्त्यात तिला ३०० च्या थोडे खालीच गुण पडतात. तुझ्या २:५८ ला महिलांच्या तक्त्यात सुमारे ३५५. तुझी बरोबरी करायला त्याला १६०० मीटर साधारण ५:१३ मध्ये धावावी लागेल. हे तक्ते स्पर्धकांच्या निकालांवरून बसवलेले आहेत, त्यामुळे ३०० च्या परिसरात ते ढोबळच, पण पन्नास-साठ गुणांचा फरक ढोबळपणात विरून जात नाही.

आणि भावाला सांग, दुप्पट अंतराने कुणी मोठं होत नाही. आठशे ही धावायला फार निष्ठुर शर्यत आहे. मी विद्यापीठाकडून आठशे धावायचे, तेव्हा सहाशे मीटरनंतरचा बेंड, म्हणजे ट्रॅकचं वळण, काय असतो ते मला ठाऊक आहे.

पण भरतीत गुण भरतीच्या तक्त्याने मिळतात, त्यामुळे वाद इथेच थांबवून दोघांनी एक काम करा. मोठ्या बॅचमध्ये सगळे एकदम सुटतात आणि नवखी मुलं दुसऱ्या-तिसऱ्या लेनमधून पूर्ण बेंड काढतात. प्रमाणित ४०० मीटर ट्रॅकवर पूर्ण लॅप दुसऱ्या लेनमधून काढला तर सुमारे ७ मीटर जास्त पडतात. भावाने चारही लॅप असे काढले तर २८ मीटर झाले, त्याच्या वेगाला साडेपाच सेकंदांहून जास्त. ओव्हरटेक सरळ पट्टीत करा, बेंडला आतल्या रेषेशी राहा. भावाला हव्या असलेल्या नऊ सेकंदांतले निम्मे कदाचित तिथेच सापडतील. उरलेल्यांसाठी लॅप सारखे धावायला शिका. ५:१३ म्हणजे लॅपला ७८ च्या किंचित वर. पहिला लॅप ७० मध्ये काढून पुढे रांगणारी मुलं प्रत्येक भरतीत दिसतात.

प्रश्न : माझ्या पिढीला श्रीराम सिंग म्हणजे दैवत. त्याची माँट्रियलची आठशे आम्ही रेडिओवर आणि वर्तमानपत्रांत जगलो. हल्ली जिन्सन जॉन्सन आणि आपल्या बीडच्या अविनाश साबळेचं कौतुक ऐकतो, तेही योग्यच. पण अंतर वेगळं, काळ वेगळा. या तिघांत थोर कामगिरी कोणाची? *(निवृत्त शिक्षक, नागपूर)*

उत्तर : सर, नमस्कार. तुमच्या पत्राने मला फार आनंद झाला, कारण श्रीराम सिंगबद्दल आता कुणी विचारत नाही.

आकड्यांनी बोलायचं तर क्रम सरळ आहे. श्रीराम सिंगची १९७६ ची १:४५.७७ गुणतक्त्यात सुमारे ११५० वर येते. जिन्सनने बर्लिनला २०१९ मध्ये पंधराशेत दिलेली ३:३५.२४ त्याच्या वीसेक गुण पुढे. साबळेने पॅरिसला जुलै २०२४ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) दिलेली ८:०९.९१ या दोघांच्याही पुढे, बाराशेच्या आसपास. मांडव्याच्या या पोराची ही वेळ तक्त्याच्या दृष्टीने या तिघांत सर्वांत वरची.

पण हे गुण म्हणजे आजच्या जगाच्या तुलनेत ती वेळ कुठे बसते, याचं उत्तर. तुमचा प्रश्न त्याहून मोठा आहे. माँट्रियलच्या अंतिम फेरीत श्रीराम सिंगने पहिल्या लॅपला आघाडी घेतली, सुमारे ५१ सेकंदांत. मागे हुआन्तोरेना होता. त्याने ती शर्यत १:४३.५० च्या विश्वविक्रमाने जिंकली, आणि श्रीराम सिंग सातवा आला. त्या एका लॅपने जगाच्या विक्रमाला हातभार लावला. श्रीराम सिंगचा राष्ट्रीय विक्रम पुढे ४२ वर्षं टिकला. २०१८ मध्ये गुवाहाटीला जिन्सनने तो मोडला तेव्हा वेळ होती १:४५.६५, म्हणजे फक्त ०.१२ सेकंदांनी कमी. मधल्या काळात ट्रॅक सुधारले, स्पाइक्स सुधारले, परदेशी शिबिरं आली. १:४५ च्या आत भारतीय माणूस यायला २०२५ साल उजाडलं, मोहम्मद अफसलच्या रूपाने. म्हणून मला विचाराल तर भारतीय मध्यम पल्ल्याच्या इतिहासात माँट्रियलच्या त्या शर्यतीइतकी मोठी शर्यत दुसरी नाही. तक्ता काहीही म्हणो, माझं हे मत ठाम आहे.

जिन्सनच्या बाबतीत एक गोष्ट सांगते, ती वेळ आणि विजय यांच्यातल्या फरकाची आहे. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्याने पंधराशेचं सुवर्ण ३:४४.७२ वेळेत जिंकलं. स्वतःच्या सर्वोत्तमपेक्षा साडेनऊ सेकंदांनी संथ! आठशेत मनजीत सिंगने त्याला ०.२० सेकंदांनी मागे टाकलं, तिथे त्याची वेळ १:४६.३५ होती. तक्त्याप्रमाणे त्याचं आठशेचं रौप्य पंधराशेच्या सुवर्णापेक्षा पुष्कळ सरस ठरतं. आपल्यापैकी कुणी असं म्हणेल का? अंतिम फेरीत पेसर, म्हणजे इतरांना वेग लावून देणारा धावपटू, नसतो, सगळे एकमेकांना जोखत धावतात आणि निकाल शेवटच्या तीनशे मीटरमध्ये लागतो. रिओला २०१६ मध्ये अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ऑलिम्पिक सुवर्ण ३:५०.०० वेळेत जिंकलं. काही आठवड्यांनी त्याच शहरात पॅरालिम्पिकच्या टी-१३ गटात, म्हणजे दृष्टी अधू असलेल्या धावपटूंच्या पंधराशेत, अल्जीरियाचा अब्देललतीफ बाका ३:४८.२९ धावून जिंकला. बाकाचं जितकं कौतुक करावं तितकं थोडं. त्याने सेंट्रोविट्झचं सुवर्ण उणं होत नाही, कारण त्या संध्याकाळी त्याच्यासमोरचा प्रश्न वेळेचा नव्हताच.

म्हणून वेळांची तुलना करताना मी आधी विचारते, ही शर्यत वेळेसाठी धावली होती की जागेसाठी, म्हणजे क्रमांकासाठी? जागेसाठी धावलेल्या शर्यतीला गुण लावून काही हाती लागत नाही. साबळेची ८:०९.९१ डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय मालिकेतल्या वेगवान शर्यतीतली आहे, तिची तुलना करणं रास्त आहे. त्यानेच हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ८:१९.५० वेळेत सुवर्ण घेतलं. दहा सेकंद संथ, पण देशासाठी सुवर्ण. दोन्ही थोर.

प्रश्न : माझा नातू न्यू जर्सीत शाळेत शिकतो. तिकडे १६०० मीटर धावतात. त्याची वेळ ४:३८, आणि आठशे २:०४. आपल्याकडच्या पंधराशेच्या मानाने हे कसं? *(आजोबा, पुणे)*

उत्तर : छान आहे, आजोबा. अमेरिकेतल्या शाळा चार पूर्ण लॅपची १६०० धावतात, ती मैलापेक्षा ९.३४ मीटरने छोटी. पूर्ण मैल धावला तर दीड-पावणेदोन सेकंद जास्त लागतील. आपल्या पंधराशेशी तुलना करायची तर १६०० च्या वेळेला १.०७४ ने भागा : नातवाची पंधराशे ४:१९ होते. त्याच्या २:०४ च्या जोडीला तक्ता ४:१७ देतो. दोन्ही अंतरांत तो जवळपास सारखा आहे, तेव्हा कुठलं धावायचं ते अजून एक-दोन वर्षं त्याच्या मनावर सोडा.

प्रश्न : मी क्रीडाशिक्षक आहे. आमच्या तालुक्यात फक्कीने आखलेल्या मातीच्या ट्रॅकवर स्टॉपवॉच चालतं, विभागाला फोटो फिनिश (कॅमेऱ्याने घेतलेली इलेक्ट्रॉनिक वेळ) असतं. निवडीसाठी या दोन वेळा शेजारी ठेवायच्या तर स्टॉपवॉचच्या वेळेत किती मिळवायचे? *(नंदुरबार जिल्हा)*

उत्तर : सर, १०० आणि २०० मीटरला ०.२४ आणि ४०० ला ०.१४ सेकंद मिळवायची पद्धत आहे. आठशे आणि पुढच्या अंतरांना काहीच मिळवत नाहीत. मात्र स्टॉपवॉचची वेळ नेहमी वरच्या दशांशावर न्यायची : घड्याळात २:०७.११ दिसलं तर नोंद २:०७.२ ची. तीन घड्याळं असतील आणि तिन्ही वेगवेगळी आली तर मधली वेळ घ्या, दोनच असतील तर जास्तीची.

खरी गफलत सुरुवातीला होते. आठशे अंतिम रेषेपाशीच सुटते, त्यामुळे वेळाधिकाऱ्याला क्लॅपरचा (सुरुवातीला आपटायच्या दोन फळ्यांचा) आवाज लगेच ऐकू येतो. पंधराशे मैदानाच्या पलीकडून सुटते, सरळ रेषेत साधारण ७० मीटरवरून. आवाज पोचायला ०.२ सेकंद लागतात आणि तेवढी वेळ मुलाला फुकट मिळते. म्हणून पिस्तूल असेल तर धूर बघून आणि क्लॅपर असेल तर फळ्या मिटताना बघून घड्याळ दाबायला सांगा. स्टार्टरने क्लॅपर डोक्यावर उंच धरला पाहिजे आणि त्याच्या मागे गडद पार्श्वभूमी असली पाहिजे.

निवडीच्या यादीत प्रत्येक वेळेपुढे ती स्टॉपवॉचची की इलेक्ट्रॉनिक हे लिहा. मातीवरची की सिंथेटिकवरची, हेही लिहा. पावसानंतरच्या मऊ मातीवर आठशेला दोन-तीन सेकंद सहज जातात, आणि त्यासाठी कुठलाही ठरीव आकडा लावता येत नाही. दोन मुलांच्या वेळा अशा वेगळ्या परिस्थितीतल्या असतील आणि फरक थोडा असेल, तर कागदावर निवड करू नका. दोघांना एकाच दिवशी, एकाच शर्यतीत धावायला लावा.